पोटखराब्यातली कुमुदिनी

सड्यावर पावसाळ्यात उगवलेलं पातं हाती लागलं, की वनस्पतिशास्त्रज्ञ आधी त्याचा दांडा चिमटीत धरून फिरवून बघतो. दांडा गोल असेल, आतून पोकळ असेल आणि पेरं हाताला लागत असतील, तर ते गवत. बोटांना तीन कडा लागल्या, दांडा भरीव निघाला आणि पानांची आवरणं त्याच्याभोवती नळीसारखी पूर्ण मिटलेली दिसली, तर तो लव्हाळा, म्हणजे नागरमोथ्याच्या सायपरेसी कुळातला कुणीतरी. बुडाशी पानांचा झुपका, त्यातून वर आलेली बारीक काडी आणि काडीच्या टोकाला पांढरट बोंड, तर तो गेंद. कोकणातल्या सड्यांवर ही तिन्ही कुळं दाटीवाटीनं राहतात. त्यांतल्या बऱ्याच जाती इतक्या सारख्या दिसतात, की नुसत्या डोळ्यांनी त्या वेगळ्या काढता येत नाहीत. एकट्या लव्हाळ्यांच्याच जगभर साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि फळाच्या सालीवरची नक्षी भिंगाखाली बघितल्याशिवाय त्यांच्यातल्या अनेकांना नाव देण्याचं धाडस जाणकारही करत नाहीत.

या गर्दीतल्या एका झुपक्याला मात्र चिमटीत धरायला दांडाच नसतो. बोटाच्या एखाद-दुसऱ्या पेराएवढी उंची, दोऱ्यासारखी पानं, पानांच्या बेचक्यात लपलेला फुलोऱ्यासारखा एक ठिपका. पाकळी नाही, रंग नाही, वास नाही. शेजारी सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरलेला असताना या झुपक्याकडे कुणाची नजर जावी, असं त्याच्यात वरवर काहीच नाही. पाऊस सरला, डबकं आटलं, की तो वाळतो आणि कातळावरच्या चिमूटभर मातीत मिसळून जातो.

ट्रायथुरिया कोंकणेन्सिस हे त्याचं नाव. आणि पृथ्वीवरच्या सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षातली एक अत्यंत जुनी फांदी, जिच्याकडे दीडशे वर्षं शास्त्रज्ञ भलतीच ओळख धरून बघत होते, तिचा आशियातला एकमेव प्रतिनिधी म्हणजे सिंधुदुर्गातला हा झुपका. ती ओळख कशी चुकली, कुणी दुरुस्त केली आणि त्यात आपल्या कोकणाचा वाटा कोणता, ही सगळी हकिगत मला फार मोलाची वाटते.

आधी जागा नीट समजून घ्यायला हवी. कोकणातला सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. उन्हाळ्यात इथे अनवाणी पाय टेकवत नाही. काळपट, खडबडीत, भेगाळलेला कातळ, मधूनच पिवळं वाळलेलं गवत, आणि त्या पलीकडे समुद्र. जूनमध्ये पाऊस लागला की आठ-पंधरा दिवसांत या कातळाचा नूर पालटतो. खोलगट जागी पाणी साचतं. कुठे गुडघाभर डबकं, कुठे फक्त वीतभर, कुठे नुसता पाण्याचा पापुद्रा. प्रत्येक खोलीची वस्ती वेगळी. माती पातळ, पोषक द्रव्यं जवळपास नाहीत, आणि मुदत चार महिन्यांची. या मुदतीत उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि मरायचं, असा इथला करार आहे. नायट्रोजन मिळत नाही म्हणून सीतेची आसवं पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातात. गेंद आणि लव्हाळे अंग आखडून राहतात. अनेकांनी आपला आकार इतका कमी केलेला असतो, की पूर्ण वाढलेलं झाडही नुकतंच उगवलेलं रोप वाटावं.

अशा जागी काम करायला गुडघे टेकून, पावसात भिजत, डोळे जमिनीपासून वीतभर अंतरावर ठेवून सरकावं लागतं. एस. आर. यादव आणि एम. के. जनार्थनम या दोघांना त्याची सवय होती. यादवांचं नाव कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेलं आहे. सह्याद्री आणि कोकणातल्या वनस्पतींच्या अनेक नव्या जाती त्यांनी जगापुढे आणल्या. त्यांतली अपोनोजेटन ब्रुगेनी ही पाणवनस्पती तर कोकणातलीच. जनार्थनम गोवा विद्यापीठाचे. भारतातल्या सीतेच्या आसवांवर त्यांनी ए. एन. हेन्री यांच्यासह लिहिलेला ग्रंथ १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. म्हणजे दोघांचीही नजर ओलसर कातळावरच्या बुटक्या, तात्पुरत्या, दुर्लक्षित वनस्पतींवर बसलेली होती. मला वाटतं, शोध तिथेच निम्मा लागला होता. नजर तयार नसती, तर हा झुपका आणखी पन्नास वर्षं 'लव्हाळ्याचं रोप' म्हणून मागे पडला असता.

१९९४ साली 'ऱ्हीडिया' या नियतकालिकात दोघांचा छोटेखानी निबंध आला. सह्याद्रीच्या पट्ट्यात नवी जाती सापडणं ही दुर्मीळ गोष्ट नाही, दर वर्षी सापडतात. हा निबंध सांगत होता ते फार वेगळं होतं. ही नुसती नवी जाती नव्हती; ती ज्या कुळातली होती, ते हायडाटेलेसी कुळच भारतात कुणी कधी पाहिलं नव्हतं. तोवर या कुळाचे सगळे ज्ञात सदस्य ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये होते. मध्ये अख्खा हिंदी महासागर, आणि अलीकडच्या काठावर, सिंधुदुर्गाच्या सड्यावर, एकटीच एक जाती. कोकणाचं नाव तिला मिळालं ते असं.

या कुळाची पहिली नोंद १८५८ सालची आहे आणि ती जोसेफ डाल्टन हूकर यांची. हूकर तरुणपणी 'एरेबस' या जहाजावरून जेम्स क्लार्क रॉसच्या दक्षिण ध्रुवीय मोहिमेत गेले होते. त्या प्रवासात टास्मानियाला त्यांचा मुक्काम झाला, आणि पुढे तिथल्या वनस्पतींवर त्यांनी 'फ्लोरा टास्मानिए' हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात त्यांनी पाण्यात बुडून राहणाऱ्या एका इवल्या वनस्पतीला ट्रायथुरिया सबमर्सा असं नाव दिलं आणि गवत-लव्हाळ्यांच्या गोतावळ्यातल्या सेंट्रोलेपिडेसी या कुळात तिला बसवलं. वरून बघता ते योग्यच होतं. पानं गवतासारखी, पाकळ्या नाहीत, आकार बुटका, राहणं पाणथळ. हेच हूकर पुढे 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'चे कर्ते झाले. १८७२ ते १८९७ या काळात त्याचे सात खंड निघाले. आपण टास्मानियातल्या ज्या वनस्पतीचं बारसं केलं, तिची सख्खी नातलग भारतात, मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात उगवते आहे, हे त्यांना अखेरपर्यंत कळलं नाही. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ काढला. पश्चिम महाराष्ट्रात काम करणारा प्रत्येक अभ्यासक आजही तो हाताशी ठेवतो. त्यातही ती नाही.

दरम्यान तिच्या नातलगांची संख्या हळूहळू वाढत होती. १९०४ मध्ये लुडविग डील्स यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यांवरून हायडाटेला ही दुसरी प्रजाती उभी केली. १९०६ मध्ये न्यूझीलंडच्या चीझमन यांनी तिथल्या सरोवरांतली एक जाती वर्णन केली. सगळ्यांची बोळवण त्याच सेंट्रोलेपिडेसी कुळात झाली. एकदा कोपरा ठरला, की नवीन आलेला प्रत्येक जण त्याच कोपऱ्यात जाऊन बसतो. वर्गीकरणशास्त्रात हे नेहमी होतं, आणि त्यात कुणाचा आळस नसतो. वाळवून कागदावर चिकटवलेला दोन सेंटिमीटरचा झुपका, त्यातले मिलिमीटरपेक्षा लहान अवयव, आणि हाताशी साधा सूक्ष्मदर्शक, एवढ्यावर यापेक्षा वेगळा निर्णय होणं अवघडच होतं.

पहिली शंका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ उलरिश हामान यांनी घेतली. त्यांनी या वनस्पतींच्या बियांचे आणि परागकणांचे काप काढून बारकाईनं तपासले, आणि त्यांना दिसलं की सेंट्रोलेपिडेसीशी हे जुळत नाही. १९७६ मध्ये त्यांनी ट्रायथुरिया आणि हायडाटेला या दोघींना बाहेर काढून त्यांचं स्वतंत्र कुळ केलं, तेच हायडाटेलेसी. त्यांना खटकलेली एक गोष्ट इथे जवळून बघण्यासारखी आहे. गहू, तांदूळ, नारळ यांच्या बीत जो अन्नसाठा असतो, तो फलन झाल्यावर तयार झालेल्या खास ऊतीत असतो. खोबरं म्हणजे तीच ऊती. या बुटक्या वनस्पतींच्या बीत मात्र साठा ठेवलेला होता तो बीजांडाच्याच, म्हणजे आईच्याच ऊतीत. तिला परिपुष्क म्हणतात. गवतांमध्ये आणि लव्हाळ्यांमध्ये असं नसतं. असं असणाऱ्या मोजक्या वनस्पतींत एक नाव कुमुदांचं आहे. बीच्या तोंडाशी एक बारीक झाकण असतं, तेही कुमुदांसारखंच. पुरावा समोर होता. पण हामान यांनी कुळ वेगळं केलं तरी ते एकदल वनस्पतींतच ठेवलं. तळ्यात फूटभर रुंदीची पानं पसरून बसणारं कुमुद आणि हा पेराएवढा झुपका यांचं नातं असेल, हे १९७६ साली कुणाच्या मनात येणं शक्य नव्हतं.

पुढचा पाव शतकाचा काळ वर्गीकरणशास्त्रात उलथापालथीचा होता. डीएनएची अक्षरं वाचता येऊ लागली आणि वनस्पतींची नाती नव्यानं मांडली जाऊ लागली. १९९९ मध्ये सर्वांत मोठा धक्का बसला. न्यू कॅलेडोनिया बेटावरचं अँबोरेला नावाचं झुडूप सगळ्या सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याशी फुटलेली फांदी असल्याचं निष्पन्न झालं. तिच्यानंतरची फांदी कुमुदांची. गुलाब, आंबा, वड, ऊस, झेंडू, सगळे त्या बुंध्याच्या कितीतरी वर. पहिलं फूल कसं होतं, हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही छळत होता. त्याच्या उत्तराच्या जवळ जायचं तर या बुंध्यालगतच्या फांद्याच बघायच्या, हे आता सगळ्यांना कळलं. मग जगभर त्यांचा अभ्यास सुरू झाला. सपुष्प वनस्पतींची साधारण ४६० कुळं. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचा डीएनए एव्हाना कुणी ना कुणी तपासला होता. बुंध्याशी आणखी एखादी फांदी अजून लपलेली असेल, अशी आशा कुणी धरत नव्हतं. २००३ मध्ये सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणाचा जो आंतरराष्ट्रीय आराखडा सुधारून निघाला, त्यात हायडाटेलेसी गवत, लव्हाळे आणि गेंद यांच्याच गणात, पोएल्समध्ये, नोंदवलेली होती.

इथे कॅनडातल्या व्हँकुव्हरची एक प्रयोगशाळा कथेत येते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात शॉन ग्रॅहम आणि त्यांचे विद्यार्थी एकदल वनस्पतींचा वंशवृक्ष बांधण्याच्या कामात होते. त्यासाठी प्रत्येक कुळाचा निदान एक प्रतिनिधी हवा. हायडाटेलेसीही त्या यादीत होती, कारण ती एकदल समजली जात होती. जेफ्री सारेला हे त्या गटातले तरुण संशोधक. सिडनीच्या बोटॅनिक गार्डनमधल्या बार्बरा ब्रिग्ज आणि अ‍ॅडम मर्चंट या शास्त्रज्ञांची साथ त्यांना होती. ब्रिग्ज यांनी ऑस्ट्रेलियातल्या लव्हाळ्यासारख्या वनस्पतींवर आयुष्य घालवलं होतं.

काम किचकट होतं. एवढ्याशा झुपक्यातून डीएनए काढायचा, आणि तोही पाण्यात राहणाऱ्या झुपक्यातून. त्याच्या पानांवर शेवाळ, पानांमध्ये दुसऱ्याच कुणाची रोपं, मुळांत बुरशी. चुकून भलत्याच जिवाची अक्षरं वाचली जाण्याचा धोका कायमचा. म्हणून अशा नमुन्याचा निकाल अनपेक्षित आला, की जबाबदार संशोधक आधी स्वतःच्याच परीक्षानळीवर संशय घेतो. आणि निकाल तर विश्वास बसू नये असा होता. अक्षरं गवतांच्या जवळपासही जात नव्हती. एकदल वनस्पतींतच बसत नव्हती. ती थेट वंशवृक्षाच्या बुंध्याकडे निघाली होती आणि कुमुदांच्या फांदीला जाऊन टेकत होती.

मग सगळे दरवाजे एकेक करून तपासले गेले. हरितलवकातली एक नव्हे, अनेक जनुकं वाचली. ट्रायथुरिया आणि हायडाटेला या दोन्ही प्रजातींचे नमुने घेतले. हरितलवक सोडून पेशीकेंद्रातलं फायटोक्रोम सी हे जनुक वेगळं तपासलं, कारण ते स्वतंत्र साक्षीदार ठरतं. पीटर एंड्रेस आणि जेम्स डॉयल या फुलांच्या रचनेच्या जाणकारांनी जुनी वर्णनं पुन्हा चाळली, आणि हामान यांनी तीस वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलेल्या खुणा, ते परिपुष्क, बीवरचं ते झाकण, आता एकाएकी बोलू लागल्या. सगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते. मार्च २००७ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला: गवत म्हणून खपलेलं हे कुळ प्रत्यक्षात कुमुदांचं भावंड आहे, आणि सपुष्प वनस्पतींच्या अतिप्राचीन फांदीचा आजवर न ओळखलेला भाग आहे.

१८५८ ते २००७. एकशे एकोणपन्नास वर्षं. आणि कोकणातल्या जातीच्या बाबतीत तेरा वर्षं. यादव आणि जनार्थनम यांनी १९९४ मध्ये जी वनस्पती भारताला दाखवली, तिच्याबद्दल तेव्हाचं विज्ञान एवढंच सांगू शकत होतं, की ही एक विचित्र, गवताच्या गोतातली, दूरदेशी कुळातली जाती आहे. तेरा वर्षांनी कळलं, की आपल्या सड्यावर उगवते ती कुमुदिनी आहे. देव्हाऱ्यात वाहतो त्या खऱ्या कमळाशी मात्र तिचं जवळचं नातं नाही. ते कमळ वंशवृक्षात पुष्कळ वरच्या फांदीवर आहे. हिचं गोत तळ्यातल्या कुमुदांचं आणि अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या व्हिक्टोरियाचं, जिच्या एका पानाचा व्यास दोन मीटरच्या पुढे जातो. एकाच गणात ती आणि ही.

आता प्रश्न असा, की एवढी मोठी फसगत झाली कशी? तेवढं कळलं तरी निसर्गाबद्दल खूप काही कळतं. हंगामी पाण्यात राहणाऱ्या वनस्पतीला मोठी पानं, जाड खोडं, रंगीत पाकळ्या परवडत नाहीत. चार महिन्यांत सगळं उरकायचं असतं. मग अनावश्यक ते गळत जातं. पान अरुंद होतं आणि त्यात एकच शीर उरते. पाकळ्या जातात. ट्रायथुरिया सबमर्सावरच्या अभ्यासात दिसलं, की तिचं परागण वाऱ्यानं होतं आणि बहुतेक बी तर स्वपरागणातूनच धरतं. कीटकांना बोलावण्याची गरजच उरलेली नाही. गवतांनी आणि लव्हाळ्यांनीही आपल्या वाटेनं हेच सोडून दिलं. सारखी जागा, सारखी अडचण, म्हणून शेवटी सारखं रूप. त्यातच काही जातींच्या रोपांत बीजपत्रं अशी जोडलेली निघाली, की एकच बीजपत्र असल्याचा भास व्हावा. एकदल वनस्पतींची ओळखच मुळी एका बीजपत्रावर ठरते. फसायला याहून अधिक काय हवं?

पण भिंगाखाली ठेवलं, की फसवणूक टिकत नाही. ट्रायथुरियाच्या फुलाकडे बघू या; खरं तर त्याला फूल म्हणावं की नाही, यावरच शास्त्रज्ञांचं एकमत नाही, म्हणून ते त्याला सावधपणे 'प्रजनन-घटक' म्हणतात. जास्वंद डोळ्यांपुढे आणा. बाहेर पाकळ्या, आत पुंकेसर, अगदी मध्ये स्त्रीकेसर. जगातल्या जवळपास सगळ्या द्विलिंगी फुलांत क्रम हाच: पुरुष बाहेर, स्त्री मध्यात. ट्रायथुरिया सबमर्सामध्ये तो उलटा आहे. मधोमध पुंकेसर उभा, आणि त्याच्याभोवती स्त्रीअवयवांचं, म्हणजे किंजदलांचं, कडं. प्रत्येक किंजदल सुटं, आत एकच बीजांड. त्याच्या शेंड्यावर परागकण झेलायला काही पारदर्शक केस, आणि त्या प्रत्येक केसात पेशींची फक्त एक ओळ, माळेतल्या मण्यांप्रमाणे एकावर एक. दोन-चार बारीक पानांनी हे सगळं वेढलेलं. आतलं बाहेर केलेलं हे एकच फूल म्हणायचं, की अनेक अतिसूक्ष्म फुलांचा आटोपलेला गुच्छ? लंडनच्या क्यू उद्यानातल्या पॉला रुडाल आणि मॉस्कोचे दिमित्री सोकोलोव्ह, मार्गारिटा रेमिझोव्हा यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्याच गटानं २००८ मध्ये हायडाटेला ही वेगळी प्रजाती मोडून सगळ्यांना ट्रायथुरियात आणलं आणि चार नव्या जातीही वर्णन केल्या. आज हे कुळ म्हणजे एक प्रजाती आणि डझनभराच्या आसपास जाती. त्यांच्यात द्विलिंगी आहेत, आणि नर-मादी झाडं वेगळी असणाऱ्याही आहेत.

२००८ मध्येच विल्यम फ्रीडमन यांनी बीच्या आत डोकावून बघितलं आणि आणखी एक गोष्ट बाहेर आली. सपुष्प वनस्पती सहसा फलन झाल्याशिवाय बीत अन्न भरत नाहीत. फलन झालंच नाही तर मेहनत वाया जाऊ नये, हा त्यातला शहाणपणा, आणि या काटकसरीनंच सपुष्प वनस्पतींनी जग जिंकलं असं मानतात. सायकस, पाइन यांच्यासारख्या जुन्या अनावृतबीजी वनस्पती मात्र फलनाच्या आधीच शिदोरी बांधून ठेवतात. फ्रीडमन यांना ट्रायथुरियात दिसलं, की परिपुष्कात पिठूळ साठा भरायला फलनाआधीच सुरुवात होते. सपुष्प वनस्पती, पण एका बाबतीत वागणं पाइनच्या बाजूचं. हा फार जुन्या वहिवाटीचा अवशेष की नंतर पुन्हा आलेली सवय, हा वाद स्वतंत्र आहे. पण पेराएवढ्या झुपक्यातून एवढा मोठा प्रश्न उभा राहिला, हे मला थक्क करतं.

एक गाठ सोडवायची राहिली. ऑस्ट्रेलियात एवढ्या जाती, आणि कोकणात एकटीच, ती कशी? उत्तर तोंडावर येतं. कुमुदांची फांदी साडेबारा कोटी वर्षांच्या आसपासची, आरंभीच्या क्रिटेशियस काळातली. तेव्हा भारत आणि ऑस्ट्रेलिया गोंडवन या दक्षिणेकडच्या महाखंडात एकमेकांच्या जवळ होते. भारत सुटला, उत्तरेकडे निघाला, आणि पाठीवर हा झुपकाही घेऊन आला, अशी कथा रचायला फार मोह होतो. केरळच्या डोंगरातल्या जांभळ्या बेडकाची कथा तशीच आहे. २००३ मध्ये तो शास्त्राला माहीत झाला, त्याचे नातलग सेशेल्स बेटांवर निघाले, आणि त्याच्या बाबतीत भूखंडांची ताटातूट हेच खरं उत्तर आहे.

ट्रायथुरियाच्या बाबतीत मात्र ते उत्तर चुकीचं ठरलं. २०१४ मध्ये विल्यम आइल्स, ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी या कुळाच्या जातींचा कालक्रम मांडला. यादव त्या निबंधाचे सहलेखक आहेत. फांदी जुनी आहे हे खरंच. पण आज जिवंत असलेल्या जातींचा सामाईक पूर्वज जेमतेम दोन कोटी वर्षांपूर्वीचा निघाला. त्या आधीचे सगळे नातलग नामशेष झालेले. कोकणातली जाती उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ट्रायथुरिया लँटर्नाची सख्खी बहीण, आणि त्या दोघींची फारकत भूशास्त्राच्या मापानं अगदी कालपरवाची. गोंडवन फुटून तेव्हा कोट्यवधी वर्षं उलटली होती. हिंदी महासागर आजच्याइतकाच रुंद होता. सड्याखालचा लाव्हाही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ज्या कातळावर ती आज उगवते तो तयार व्हायच्या आत भारत केव्हाच वेगळा झालेला. याचा अर्थ ती समुद्र ओलांडून आली. बी धुळीच्या कणाएवढं. पाणथळ जागी उतरणाऱ्या पक्ष्यांच्या पायांना, पिसांना चिकटलेला चिखल हे त्याचं वाहन असावं, हाच पटणारा तर्क आहे. ओल्या चिखलातून उडालेला एखादा पक्षी कितीतरी दिवसांनी दुसऱ्या ओल्या चिखलात उतरला, आणि स्वपरागण करू शकणाऱ्या जातीला वस्ती करायला एक बी पुरे झालं. मला गोंडवनाच्या कथेपेक्षा ही कथा जास्त भावते, कारण तिच्यात जुनं कुळ स्वस्थ बसून राहिलेलं नाही, ते अजून प्रवासाला निघतं आहे.

या प्रवासाचा इथला शेवट मात्र माणसाच्या हातात आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर सड्याच्या जमिनीपुढे बहुधा 'पोटखराब' असा शेरा असतो. लागवडीला नालायक, असा त्याचा अर्थ. पीक येत नाही म्हणून ही जमीन स्वस्तात जाते. चिरेखाण निघाली की जांभा चौकोनी कापून नेला जातो आणि खड्डा उरतो. आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावून कातळ फोडतात, बाहेरची माती आणून टाकतात. रस्ते, प्रकल्प, बंगल्यांच्या वसाहती यांना तर सपाट, मोकळी जागा हवीच असते. घर बांधायला चिरा लागतो आणि पोट भरायला बाग लागते, हे मी जाणतो. कोकणी माणसाच्या गरजेला नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण वीतभर खोलीचं जे डबकं मी वर सांगितलं, ते बुजवलं की परत करता येत नाही. त्याचा तळ, त्याचा उतार, पाणी किती दिवस टिकतं याचं गणित हजारो वर्षांत जमलेलं असतं. ट्रायथुरिया वर्षायू आहे. मेमध्ये तिचं एकही रोप जिवंत नसतं. तिचं सगळं अस्तित्व तेव्हा त्या तळातल्या करड्या मातीत, डोळ्यांना न दिसणाऱ्या बियांत असतं. याच सड्यांवर आदिम माणसानं कोरलेली कातळशिल्पं आज लोक मुद्दाम बघायला येतात आणि गावकरी ती जपतात. मातीच्या त्या पापुद्र्याला असा कैवारी अजून फार कमी ठिकाणी मिळाला आहे.

म्हणून सड्यावर काही उभारायचं ठरलं, तर तिथल्या वनस्पतींची पाहणी उन्हाळ्यात करून चालणार नाही. एप्रिलमध्ये गेलेल्या माणसाला उघडा कातळच दिसणार, आणि 'उल्लेखनीय काही नाही' असं लिहून तो प्रामाणिकपणेच परत येणार. पाहणी जुलै ते सप्टेंबरमध्येच व्हायला हवी, भरल्या डबक्यांत, भिंग घेऊन, लव्हाळे आणि गेंद यांच्यातला फरक सांगू शकणाऱ्या माणसाकडून. कोल्हापूर, गोवा, पुणे आणि खुद्द सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत अशी माणसं आहेत. पर्यावरण-अहवालाची मुदत ठरवताना एक पावसाळा त्यात सक्तीचा करावा, एवढी साधी अट सरकारनं घातली तरी पुष्कळ डबकी वाचतील.